घर पाहावं लेकीचं

गृहकर्जाच्या टेबलावर ज्याची हयात गेली त्याला घरखरेदीतलं सगळं कळतं, असा आमच्या घरात एक समज आहे. घरात म्हणजे माझ्यात. बाकीच्यांचं मत वेगळं पडतं, आणि त्यांच्याकडे तशी कारणंही आहेत. मी स्वतः पारखून घेतलेल्या कोथरूडच्या फ्लॅटला दुपारनंतर पाणी येत नाही, आमचं पार्किंग नकाशात आहे त्या जागी प्रत्यक्षात जिना आहे, आणि ज्या बाल्कनीतून टेकडी दिसणार म्हणून मी बिल्डरला जास्तीचे पैसे मोजले, त्या बाल्कनीतून गेली कित्येक वर्षं मला समोरच्या बिल्डिंगमधले एक गृहस्थ दात घासताना दिसतात. ते असोत. लोकांचे सर्च रिपोर्ट, इंडेक्स टू आणि एनओसी तपासत मी निवृत्त झालो, हे तर कुणी नाकारू शकत नाही ना? त्यामुळे २०२४च्या वसंतात, शिकागोच्या पश्चिमेला लोम्बार्ड म्हणून गाव आहे, तिथे आमचे लेक-जावई घर बघायला लागले तेव्हा मी तिथेच होतो, वेळ भरपूर होता, आणि माझा सल्ला कुणीही मागितलेला नव्हता. मी लगेच होकार दिला.

जावयांनी फोनवर घर दाखवलं. "बाबा, हे रँच बघा." रँच म्हणजे एकमजली, लांबट, बुटक्या उतरत्या छपराचं घर. बांधकाम १९५८चं. तीन बेडरूम, दीड बाथरूम, १,३४० चौरस फूट, पाव एकर जमीन, घराला चिकटून गॅरेज, दर्शनी भिंत व्यापून टाकणारी एक भलीमोठी खिडकी, मागे सरकतं काचेचं दार आणि खाली तळघर. मागणी ३,६५,००० डॉलर.

मी गुणिले त्र्याऐंशी केलं. "तीन कोटी तीन लाख!" मी ओरडलो.

"अहो," बायको म्हणाली, "परवा दुधाच्या कॅनला गुणिले केलंत आणि दोन दिवस कोरा चहा प्यायलात. हे घर त्यांना डॉलरमध्ये घ्यायचंय."

"एवढ्यात कोथरूडला..."

"कोथरूडला पाव एकर देताय का कुणी? सांगा, आत्ता जाऊ."

अभ्यास केल्याशिवाय मी कधी फाइलवर सही केली नाही, म्हणून गावातल्या लायब्ररीत जाऊन बसलो. तिथे कळलं की घराची ही जात मूळची कॅलिफोर्नियातली. क्लिफ मे नावाच्या गृहस्थांनी १९३२च्या सुमारास सॅन दिएगोत अशी घरं बांधायला घेतली. जुन्या स्पॅनिश जमीनदारांच्या वाड्यांच्या धर्तीवर, सगळं एका मजल्यावर आणि तोंड अंगणाकडे. त्यांच्याकडे आर्किटेक्टची पदवी नव्हती, हे वाचून मला त्यांच्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. मग महायुद्ध संपलं, लाखो सैनिक परतले, त्यांना राहायला छप्पर नव्हतं, आणि सरकारने १९४४च्या कायद्याने त्यांच्या गृहकर्जाला हमी दिली. न्यूयॉर्कजवळ लेव्हिट नावाच्या बिल्डरने बटाट्याच्या शेतांवर घरांच्या ओळीच्या ओळी उठवल्या. १९४९मध्ये त्यातलं आठशे चौरस फुटांचं रँच ७,९९० डॉलरला मिळत होतं, आणि सैनिकाला डाउन पेमेंट शून्य. शून्य! मार्जिन मनीसाठी लोकांना पाटल्या-बांगड्या मोडताना पाहिलेला माणूस मी. इतक्या मोठ्याने "च्यायला" म्हणालो की लायब्ररीतल्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

पुढच्याच पानावर मात्र त्या वसाहतीच्या करारातलं कलम होतं, की गोऱ्यांखेरीज कुणी इथे राहायचं नाही. घरकामाला नोकर असतील तेवढे चालतील. म्हणजे त्या काळी आमच्या जावयांना तिथे राहायला नव्हे, भांडी घासायला घेतलं असतं. घरांच्या व्यवहारातल्या असल्या भेदभावावर कायद्याने बंदी आली ती १९६८मध्ये. हा कायदा लक्षात ठेवा. तो पुढे माझ्या अंगावर येणार आहे.

पण खरी मेजवानी वेगळीच होती. आपल्याकडे माणसाने फ्लॅट केवढ्याला घेतला हे त्याच्या सख्ख्या भावाला ठाऊक नसतं. इंडेक्स टू काढलात तरी त्यावर दिसतो तो कागदावरचा आकडा, आणि त्या आकड्याला किती मान द्यायचा हे मी बँकेत बसून शिकलेलो. तिकडे, निदान लोम्बार्डमध्ये, पत्ता टाकला की घर कधी आणि कितीला विकलं गेलं त्याची सगळी वंशावळ समोर हजर. हे घर १९९४ला १,२१,००० डॉलर. २००६ला २,७९,०००. २०११ला १,३८,०००, आणि तेही बँकेने जप्त करून विकलेलं. २०१७ला २,३१,०००. आता मागणी ३,६५,०००.

माझं जेवणातलं लक्ष उडालं. तो २००६चा माणूस! अमेरिकेतले घरांचे भाव बरोबर त्याच वर्षी शिखराला पोचले होते आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत देशभरात सरासरी पाव हिश्श्याहून जास्त कोसळले. हा नेमका शिखरावर जाऊन बसला, आणि पाच वर्षांत त्याच्या घराचे निम्मे झाले. मी रात्री छताकडे बघत त्याचाच विचार करायचो. त्यालाही कर्ज देणारा कुणी माझ्यासारखाच टेबलावर बसलेला असणार. ती फाइल माझ्याकडे आली असती तर मी सही केली असती का?

"केली असती," बायको कूस बदलत म्हणाली. "त्या पाण्याची टाकीच नसलेल्या स्कीमवर केली होतीत की."

पुढे या नादाने मर्यादा सोडली. आधी शेजाऱ्यांचे पत्ते टाकले, मग समोरच्या गल्लीचे, मग जावयांच्या साहेबांचा. महाराष्ट्र मंडळाच्या एका कार्यक्रमात, मसालेभाताच्या रांगेत उभं असताना, मी पुढच्या गृहस्थांचा हात हातात घेऊन म्हणालो, "२०१२ला घेतलंत. काय टायमिंग साधलंत हो!" ते दचकले. मागचे गृहस्थ गैरसमज करून घेतील म्हणून त्यांनाही म्हणालो, "तुमचं जरा चढ्या भावात झालं, पण वाईट वाटून घेऊ नका." त्यानंतर आमच्या टेबलावर आम्हीच चौघं जेवलो.

शिवाय फोनवरचं एक अॅप रोज घराचा अंदाजे भाव सांगायचं. सकाळी ते तीन त्रेपन्न म्हणालं की माझी छाती फुगायची, आठवड्याने तीन अठ्ठावन्न झालं की बद्धकोष्ठ. अखेर कुठेतरी वाचलं की झिलो या अशाच अंदाज सांगणाऱ्या कंपनीचे तेव्हाचे प्रमुख स्पेन्सर रॅस्कॉफ यांनी २०१६मध्ये सिएटलमधलं स्वतःचं घर १०,५०,००० डॉलरला विकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याच कंपनीचा अंदाज होता साडेसतरा लाखांचा. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे तिथेही आहेत," बायको म्हणाली. कोण, ते तिने सांगितलं नाही.

रविवारी घर बघायला खुलं होतं. लोम्बार्ड लायलॅकच्या फुलांसाठी प्रसिद्ध आहे, मे महिन्यात सगळ्या गावाला त्यांचा वास असतो, आणि त्या वासातून आम्ही चाललो होतो तेव्हा लेक गाडीत मला काहीतरी समजावून सांगत होती: घेणाऱ्याचा एजंट वेगळा, विकणाऱ्याचा वेगळा, आज तिथे भेटतील त्या बाई विकणाऱ्याच्या, आपली एजंट आज येणार नाही, तेव्हा बाबा, जरा. मी मान डोलावत होतो. खरं तर मी रस्त्यावरची रँच मोजत होतो.

दारात त्या बाई उभ्या होत्या, गोऱ्यापान, हसतमुख. आत कुकीज भाजल्याचा वास होता. मी बुटांवर कागदी पिशव्या चढवल्या, एक कुकी उचलली आणि खिशातून टेप काढला. हा स्टीलचा पाच मीटरचा टेप मी पुण्याहून नेला होता. बँकेच्या काळापासून तो माझ्याकडे आहे, आणि त्याने भल्याभल्या बिल्डरांना घाम फोडलेला आहे. (घामाची गोष्ट बिल्डरांना विचाराल तर ते वेगळी सांगतील.) सगळ्या खोल्या मापून मी फोनवर बेरीज केली. जेमतेम बाराशे.

"१,३४० म्हणता. बाकीचे कुठे गेले?"

बाई म्हणाल्या, माप बाहेरच्या भिंतींवरून घेतात. मला आनंद झाला, कारण हा लबाडीचा प्रकार माझ्या ओळखीचा होता. मी त्यांना आमच्याकडचं बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप सांगितलं, २०१७पासून महारेराने कार्पेटवरच विक्री करायला लावली तेही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पण तळघर यात धरलेलं नाही."

"किती आहे तळघर?"

"घराएवढंच."

मी कुकी चावायची थांबवली. आमच्याकडे लिफ्टसमोरची जागा, जिन्याचा वळसा आणि वॉचमनची खुर्ची यांचे पैसे गिऱ्हाइकाच्या माथी मारायचे, आणि इथे अख्खा मजला हिशेबातच नाही? मी दोनदा विचारलं. जमिनीखालचं चौरस फुटांत धरत नाहीत म्हणजे नाहीत. ते मापात नसलं तरी किमतीत असतंच, हे मला रात्री जावयांनी सांगितलं. त्या क्षणी मात्र मला विकणाऱ्याची दया आली, आणि त्या दयेपोटी मी जरा मोकळा झालो.

"आजूबाजूला लोक कसे आहेत?" मी विचारलं. "म्हणजे, कोण कोण राहतं?"

बाईंचं हसू तसंच राहिलं, पण मागचा दिवा गेला. "त्याबद्दल मला काही बोलता येणार नाही."

त्यांना माझं इंग्रजी कळलं नसेल म्हणून मी अधिक सावकाश आणि अधिक मोठ्याने विचारलं, "आमच्यासारखे आहेत का? फॅमिलीवाले?" खोलीत आणखी लोक होते. त्यांच्यात काही आमच्यासारखे होते, काही नव्हते, आणि सगळे माझ्याकडे पाहत होते. लेकीने माझी बाही ओढली. वस्तीत कोणत्या जातीधर्माचे, कोणत्या वंशाचे लोक आहेत हे सांगून एजंटाने गिऱ्हाईक इकडे वळवायचं, तिकडे वळवायचं, याला १९६८च्या कायद्याची बंदी. लायब्ररीत ज्या कायद्याबद्दल मी हळहळत मान हलवली होती, तोच मी कुकी खाता खाता मोडायला निघालो होतो. आमच्या सोसायटीत नवीन बिऱ्हाड यायचं म्हटलं की हा पहिला प्रश्न असतो, आणि दुसरा मांस-मच्छीचा. दुसरा मी विचारणारच होतो.

यावरही मी थांबलो असतो तर. पण मुख्य मुद्दा राहिला होता. आदल्या रात्री मी काउंटीच्या साइटवर या घराचं सरकारी मूल्यांकन पाहून ठेवलं होतं: १,०२,००० डॉलर. आपल्या रेडी रेकनरचाच अमेरिकन चुलतभाऊ, हे मी तत्काळ ओळखलं. मागणी तीन पासष्ट, सरकारी भाव एक दोन. मधल्या रकमेचं काय करायचं असतं हे पुण्यात कुणी कुणाला शिकवत नाही, ते आईच्या दुधातूनच येतं. मी बाईंना सिंकपाशी बाजूला घेतलं, मागे वळून लेक गुलाबी बाथरूममध्ये गुंतली आहे याची खात्री केली आणि आवाज उतरवून म्हणालो, "सरकारी भाव मला ठाऊक आहे. तेव्हा चेकने किती? आणि..." इथे मी अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासून नोटा मोजून दाखवल्या.

बाईंनी माझ्या बोटांकडे पाहिलं. मग मला पेपर नॅपकिन दिला.

मी नॅपकिन खिशात घातला आणि पुन्हा, या वेळी दोन्ही हातांनी, मोजून दाखवल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तीन बोटं वर केली आणि अतिशय हळुवारपणे समजावलं, की इलिनॉयमध्ये कर बसवण्यासाठी घराची किंमत बाजारभावाच्या एक तृतीयांश धरायची असा कायदाच आहे. शेजारी शिकागो शहराच्या काउंटीत तर घरांना दहाच टक्के धरतात. बाकीचा दोन तृतीयांश कुठेही लपवलेला नाही. सगळे पैसे बँकेतून जातात. "सगळे," त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नजर मी ओळखली. पगाराची पावती न आणलेल्या अर्जदाराकडे मी स्वतः तशाच नजरेने पाहत असे.

माणसाला इज्जत असते. ही बाई आपल्याला फाटका समजते आहे, हे मला सहन झालं नाही. "पैशाचा प्रश्न नाही हो," मी हसत म्हणालो. "माझी मुलगी तीन ऐंशीपर्यंत आरामात जाईल." बाई खूप मायेने हसल्या. वातावरण एकदम निवळलं. त्यांनी मला आणखी एक कुकी दिली.

मग मी तळघरात गेलो, कारण ते कशातच धरलेलं नव्हतं. कोपऱ्यात जमिनीत एक गोल झाकण होतं. माझ्या आधी पाच-सहा माणसं तळघर बघून गेली होती आणि त्यांच्यापैकी कुणालाही ते उचलावंसं वाटलं नव्हतं. आत दोन-अडीच फूट खोल प्लॅस्टिकचा हौद, तळाला गढूळ पाणी, मधोमध पंप आणि त्याच्याशेजारी तांब्याएवढा एक काळा गोळा तरंगत होता. पायाशी झिरपणारं पाणी या हौदात जमतं, गोळा वर येतो आणि पंप सुरू होऊन पाणी बाहेर फेकतो, अशी ती रचना. मला ती ठाऊक नव्हती, म्हणून मी टेपच्या टोकाने गोळा जरा वर उचलून पाहिला. पंप गुरगुरला. दचकून मी हात मागे घेतला, टेप सुटला, पडता पडता त्याची कळ निघाली की काय कोण जाणे, पात भसाभस उलगडून गोळ्याखाली वेटोळं घालून बसली, गोळा वरच्या वर अडकला, आणि हौद कोरडा पडला तरी पंप थांबेना. मी गुडघ्यांवर बसून, एक हात खांद्यापर्यंत आत घालून, पात ओढतोय, ती जास्त गुंततेय, वरून पावलं धावत येतायत, आणि त्या पंपाचा पाइप घराबाहेर ज्या हिरवळीवर उघडतो तिथे नेमकं एक तरुण जोडपं छपराची पन्हळ बघत उभं होतं. जावयांनी शेवटी भिंतीतली पिन उपटली.

त्या जोडप्याने नंतर ऑफर दिली नाही. हे घर मिळवण्यात माझा काही हातभार असेल तर तो एवढाच, असं त्या वेळी मला वाटत होतं.

ऑफर किती द्यायची यावर माझं मत तयार होतं: दोन नव्वद. सांगितलेल्या भावाला हो म्हणणाऱ्या माणसाला मंडईतसुद्धा कुणी मान देत नाही. लेकीच्या एजंटने मात्र उलटाच पाढा वाचला. २०२१च्या सुरुवातीला तिकडे कर्जाचा दर २.६५ टक्क्यांपर्यंत उतरला होता, आता सातच्या आसपास. आणि तिकडचं सर्वसाधारण कर्ज तीस वर्षं एकाच दराचं. म्हणजे ज्याने तेव्हा कर्ज बांधून घेतलं तो आता घर विकून सात टक्क्यांचं नवं कर्ज कशाला काढेल? तो हलतच नाही. त्यामुळे विकायला घरं थोडी, घेणारे ढीगभर, आणि मागणीच्या वर बोली. तीस वर्षं एकच दर! फ्लोटिंग रेट वाढल्याची पत्रं लोकांना पाठवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मी त्या एजंटला फोनवर विचारलं, "पण तिसाव्या वर्षापर्यंत कधीतरी वाढवत असतील ना?" त्यानंतर लेक खोलीचं दार लावून फोन करायला लागली.

घर त्यांना मिळालं. वकिलांनी कागद तपासले, तपासनीस येऊन छपरापासून तळघरापर्यंत फोटो काढून गेला, घर १९७८च्या आधीचं म्हणून शिशाच्या रंगाबद्दलची पुस्तिका आली, तिच्यावर सह्या झाल्या. कितीला मिळालं ते लेकीने मला सांगितलं नाही. "बाबा, तुम्ही गुणिले कराल," एवढंच म्हणाली. मीही मानी माणूस, पुन्हा विचारलं नाही. रोज सकाळी काउंटीच्या साइटवर पत्ता टाकून मुकाट्याने बघत राहिलो, आणि नोंद व्हायला लागला तेवढा वेळ लागल्यावर एक दिवस १९९४, २००६, २०११ आणि २०१७ यांच्याखाली २०२४ची ओळ उमटली.

३,८०,०००.

त्याच संध्याकाळी मी नव्या स्वयंपाकघरात नारळ खवत होतो. लेक जावयांना म्हणाली, "मला अजून कळत नाही, त्यांनी नेमका आपला शेवटचा आकडा ओळखला कसा? एक डॉलर इकडे नाही की तिकडे नाही." जावई म्हणाले, "ती बाई हुशार होती." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी नारळ खवत राहिलो, करवंटी लागली तरी.

एक विनंती. दिवाळी अंक तिकडच्या मंडळात जातात आणि फराळाच्या टेबलाशेजारी मांडून ठेवलेले असतात, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. वाचकांपैकी कुणी शिकागोच्या बाजूला असेल, तर हा अंक तिथे दिसताच कृपा करून घरी घेऊन जा. किंमत मी पाठवीन. डॉलरमध्ये.